मुलांच्या शाळेच्या वेळेत धावणे बसवताना

नोकरी सांभाळून नव्याने धावू लागणारे आई-वडील बऱ्याचदा महिन्याभरात थांबतात, आणि त्याचे कारण पायांपेक्षा घराच्या वेळापत्रकात अधिक सापडते. धावणे वाईट झाले म्हणून कोणी सोडत नाही. एके दिवशी डबा उशिरा झाला, दुसऱ्या दिवशी व्हॅन चुकली, तिसऱ्या दिवशी मूल रात्रभर खोकत होते, आणि मग घरातले सगळे मिळून ठरवतात की हे आपल्याला जमणारे नाही. म्हणून शूज विकत घेण्याआधी किंवा मोबाइलवर एखादे ॲप उतरवण्याआधी घराचा आठवडा कागदावर मांडावा, असे माझे ठाम मत आहे. शाळेची व्हॅन किती वाजता येते, नळाला पाणी कधी येते, घरकामाला येणाऱ्या ताई किती वाजता येतात, कंपनीची बस किंवा लोकल कोणती पकडायची असते, मुलांचे क्लास कोणत्या वारी असतात आणि ती प्रत्यक्षात किती वाजता झोपतात, हे सगळे लिहून काढले की मोकळ्या जागा आपोआप दिसू लागतात.

अशा तीन जागा पुरेशा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस व्यायाम करावा. त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन वार सांभाळले आणि एरवी थोडेफार चालणे झाले, तर आपण त्या चौकटीत सहज बसतो. त्याच सूचनांत, व्यायाम सलग किमान दहा मिनिटांचाच असला पाहिजे ही पूर्वीची अट काढून टाकण्यात आली, आणि लहान मुलांच्या पालकांसाठी हा फार मोठा दिलासा आहे. मात्र हिशेब प्रामाणिक असावा. अर्धा तास धावायचे म्हणजे कपडे बदलणे, खाली उतरणे, सुरुवातीचे आणि शेवटचे चालणे, घाम वाळणे आणि आंघोळ धरून घरातला पाऊण ते एक तास जातो. जोडीदाराला ‘अर्ध्या तासात आलो’ असे सांगून तासाने परतणे हे घरातल्या कुरबुरीचे पहिले कारण ठरते.

समजा, घर कोथरूडला आहे, दोघांच्या नोकऱ्या हिंजवडीला आहेत आणि दुसरीतल्या मुलीची व्हॅन सात-दहाला येते. अशा घरात सकाळी साडेपाच ते सव्वासहा ही एकच शांत वेळ असते आणि ती वाचवण्याचे काम आदल्या रात्रीच्या स्वयंपाकघरात होते. भाजी चिरून डब्यात घालून फ्रिजमध्ये, कणीक मळून वरून तेलाचा हात लावून झाकलेली, पाण्याची बाटली भरलेली, शाळेचा गणवेश इस्त्री करून खुर्चीवर, वह्या-पुस्तके दप्तरात, आणि दाराजवळ शूज व त्यांच्यात खोचलेले मोजे. धावण्याचे कपडे बाथरूममध्येच टांगून ठेवावेत, म्हणजे अंधारात कपाट उघडून मूल जागे होत नाही. गजर दोनदा वाजू देऊ नये. पहिल्याच गजराला उठायचे असेल तर रात्री दहाला दिवे मालवावे लागतात, आणि खरे सांगायचे तर सकाळच्या धावण्याचा सगळ्यात कठीण भाग हाच आहे; रात्रीची ती एक मालिका किंवा मोबाइलवरचा पाऊण तास सोडल्याशिवाय पहाट हाती लागत नाही.

आता वाटणीविषयी. आपल्याकडे सकाळचा डबा आणि मुलांची तयारी अजूनही मुख्यतः आईच्या अंगावर असते, म्हणून एका घरात वडिलांचे धावणे सहज सुरू होते आणि आईचे ‘मुले जरा मोठी झाली की’ या वाक्यावर अडून राहते. दोघांना धावायचे असेल तर वार स्पष्ट वाटून घ्यावेत: मंगळवार-गुरुवार तिचे, बुधवार-शुक्रवार त्याचे, आणि रविवारी एकामागून एक. तिच्या वारी पोळ्या, डबा, वेणी आणि व्हॅनपर्यंत सोडणे हे सगळे त्याचे काम, आणि त्या वेळेत तिला फोन करून ‘मिठाचा डबा कुठे आहे’ असे विचारायचे नाही. ही वाटणी फ्रिजवर लिहून लावावी. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना गृहीत न धरता आधी विचारावे. ज्या घरात एकच पालक आहे, तिथे शेजारच्या घराशी अदलाबदल करणे हा चांगला मार्ग आहे: शनिवारी सकाळी त्यांची मुले आपल्याकडे, रविवारी आपली त्यांच्याकडे.

सकाळ अजिबात शक्य नसेल, तर मुलांच्या क्लासची वेळ पाहावी. क्रिकेट किंवा फुटबॉलच्या सरावाला मुलांना सोडून अनेक पालक मैदानाच्या कडेला गाडीवर बसून तासभर मोबाइल पाहतात. हीच सर्वांत चांगली मोकळी वेळ आहे, कारण त्या तासात मूल दुसऱ्याच्या देखरेखीखाली असते आणि घरचे कोणतेही काम तुम्हाला तिथे करता येणार नसते. ऑफिसमधून थेट जायचे असेल तर शूज, टी-शर्ट आणि नॅपकिनची पिशवी कायम गाडीच्या डिकीत ठेवावी. मैदानाच्या कडेने फेऱ्या मारताना मूलही अधूनमधून आपल्याकडे पाहत असते. पालकांना घाम गाळताना पाहणे त्याच्यासाठी चांगलेच आहे.

डोंबिवली किंवा विरारहून सकाळी साडेसातची लोकल धरून रात्री साडेआठला परतणाऱ्यांना आठवड्यातले तीन कामाचे दिवस सुचवणे हा अन्याय होईल. त्यांनी शनिवार, रविवार आणि मधला एकच बुधवार धरावा. लागोपाठचे दोन दिवस नवशिक्याला जड जातात, म्हणून शनिवारी फक्त वीस मिनिटे आणि रविवारी पूर्ण सराव करावा. बुधवार हुकला तरी स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी भरभर चालत जाणे हे त्या दिवसाचे काम समजावे.

किती सावकाश धावायचे

नवशिके चुकतात ते वेगात. शाळेतल्या शर्यतीची आठवण अंगात असते, त्यामुळे धावणे म्हणजे जोरात धावणे असे आपण धरून चालतो आणि दोन मिनिटांत धाप लागून कमरेवर हात ठेवून उभे राहतो. योग्य वेग ओळखण्याची साधी युक्ती म्हणजे बोलून पाहणे. धावता धावता तेराचा पाढा मोठ्याने म्हणावा. ‘तेर एके तेर, तेर दुणे सव्वीस’ करत दोन-तीन ओळी एका श्वासात जात असतील तर वेग बरोबर आहे, आणि प्रत्येक आकड्यामागे श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करावा. हा वेग सुरुवातीला इतका कमी वाटतो की भरभर चालणारे आजोबा पुढे निघून जातात. जाऊ द्यावेत. याच वेगात हृदय आणि फुप्फुसांची क्षमता वाढते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावर पाय कुरकुरत नाहीत.

सावकाश जाण्याला आणखी एक कारण आहे. दम काही आठवड्यांतच सुधारतो, पण टाचेमागची शीर, गुडघ्याभोवतीची बांधणी आणि नडगीचे हाड यांना नव्या भाराची सवय व्हायला काही महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. म्हणजे दम वाढला म्हणून आपण अंतर वाढवतो आणि हाडे-स्नायू मागे राहतात; बहुतेक दुखापती या फरकातून होतात. त्यामुळे पहिले तीन महिने अंतर मोजूच नये, फक्त मिनिटे मोजावीत.

सुरुवात अशी करावी. पाच मिनिटे भरभर चालावे. मग एक मिनिट सावकाश धावावे आणि दोन मिनिटे चालावे, असे सात वेळा करावे. शेवटी पाच मिनिटे चालून थांबावे. एकूण एकतीस मिनिटे होतात. हे आठवड्यात तीनदा करावे. तिन्ही दिवस बोलण्याची कसोटी टिकली आणि दुसऱ्या दिवशी कुठे टोचरे दुखणे उरले नाही, तर पुढच्या पायरीवर जावे: दोन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे, पाच वेळा. त्यानंतर तीन मिनिटे धावणे व एक मिनिट चालणे, मग पाचास एक, मग आठास एक, आणि मग एका रविवारी वीस मिनिटे सलग. कॅलेंडर पाहून पायरी चढू नये. काहींना हा प्रवास दोन महिन्यांत होतो. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे किंवा ज्यांची शिफ्ट बदलते त्यांना चार-पाच महिनेही लागतात, आणि त्यात काहीही बिघडत नाही. मुलांची परीक्षा, गावाकडचे लग्न, गणपती किंवा दिवाळी यांमुळे आठवडा-दीड आठवडा गेला तर परतताना एक पायरी खाली उतरावे. महिना गेला तर पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करावी. बुडालेले दिवस एकाच आठवड्यात भरून काढण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये.

ज्या दिवशी धावायचे नसते, अशा दोन दिवशी पंधरा मिनिटे स्नायूंसाठी द्यावीत. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर-खाली करणे, खुर्चीसमोर उठाबशा, सेतुबंधासन आणि प्लँक (कोपरे व चवडे टेकून अंग सरळ रेषेत उचलून धरणे) एवढे पुरते. हे घरातच होते आणि मुलांना यात भाग घ्यायला आवडते. लहान मूल पाठीवर बसले तर प्लँकचा कस अधिक लागतो, पण पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी ते टाळावे.

आधी तपासून घेण्याच्या गोष्टी

वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर पहिले पाऊल डॉक्टरांकडे टाकावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहाटे उपाशीपोटी धावण्याआधी डोस आणि खाणे यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि खिशात कायम ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवावी. धावताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, चक्कर किंवा अचानक धडधड जाणवली तर तिथेच थांबून मदत घ्यावी. ‘ॲसिडिटी असेल’ असे म्हणून पुढे जाऊ नये.

बाळंतपणानंतर धावण्याबद्दल स्पष्ट बोलले जात नाही, म्हणून इथे थोडे अधिक सांगतो. प्रसूती नैसर्गिक असो वा सिझेरियन, पहिले तीन महिने धावणे टाळावे आणि त्यानंतरही शरीर तयार आहे का ते पाहावे, असा फिजिओथेरपिस्टांचा सर्वसाधारण सल्ला असतो. या काळात चालणे, श्वासाचे व्यायाम आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करावेत. धावताना किंवा शिंकताना थेंबभर लघवी होणे, खाली काहीतरी जड होऊन ओघळल्यासारखे वाटणे, टाक्यांच्या जागी ओढ बसणे ही चिन्हे दिसली तर थांबून तज्ज्ञाला दाखवावे. ‘मुले झाली की असे होतेच’ ही समजूत अनेक जणींना वर्षानुवर्षे त्रास सोसायला लावते. प्रत्यक्षात योग्य व्यायामाने यात मोठा फरक पडतो. अंगावर पाजणाऱ्या आईने धावण्याआधी पाजून घ्यावे, नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा वापरावी आणि पाणी वाढवावे. आपल्याकडे स्त्रियांत रक्तक्षय सर्रास आढळतो, त्यामुळे सावकाश धावूनही विनाकारण धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावे.

दुखण्यांत भेद करायला शिकावे. पोटऱ्या आणि मांड्या दोन दिवस भरून येणे स्वाभाविक आहे. पण नडगीवर बोट दाबल्यावर एका ठरावीक जागी कळ येणे, धावता धावता वाढत जाणारे गुडघ्याचे दुखणे, किंवा सकाळी पहिले पाऊल टेकताना टाचेत होणारी वेदना, यांवर धावत राहू नये. चार-पाच दिवस विश्रांती घेऊनही तेच परतले तर फिजिओथेरपिस्टकडे जावे. झोपेचेही असेच आहे. तापलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढल्यावर पहाटे धावण्यात शहाणपण नाही. त्या दिवशी झोपावे, आणि संध्याकाळी जमले तर चालून यावे.

शूज, खाणे, रस्ता

महागडे घड्याळ, खास पट्टे, पावडरी यांतले काहीही लागत नाही. शूज मात्र धावण्याचेच हवेत. ते संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात. धावताना घालायचे मोजे सोबत न्यावेत, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते का ते उभे राहून पाहावे. दुकानात चार पावले पळून पाहायला संकोच करू नये. एक जोड साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकते, म्हणजे नवशिक्याला ती वर्षभर सहज पुरते.

अर्ध्या तासाच्या धावण्याला आधी विशेष काही खावे लागत नाही. पेलाभर पाणी आणि वाटल्यास अर्धे केळे पुरते. परतल्यावर पोहे, थालीपीठ, अंडी, दही असे रोजचेच खाणे खावे; फक्त भुकेच्या भरात ऑफिसच्या कँटीनमधल्या वडापाववर दिवस काढू नये. चहा जेवणाला लागूनच घेण्याची सवय असेल तर त्यात तासाभराचे अंतर ठेवावे, कारण चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते.

रस्त्याबद्दल. पुण्यात तळजाई किंवा वेताळ टेकडीवरची मातीची वाट पायांना सुखाची असते, पण उतारावर गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून पहिले काही आठवडे सपाटीच बरी. मुंबईत शिवाजी पार्कचा कट्टा आणि मरीन ड्राइव्ह, कोल्हापुरात रंकाळ्याचा काठ, नाशकात गोल्फ क्लब मैदान, नागपुरात फुटाळ्याचा परिसर अशा ठिकाणी पहाटे सोबतीला माणसे असतात आणि त्यामुळे एकटीने धावणाऱ्या स्त्रियांना अधिक निर्धास्त वाटते. पण घरापासून वीस मिनिटांवरची सुंदर जागा आणि खालची सोसायटीची फेरी यांत निवड करायची झाली, तर कामाच्या दिवशी सोसायटीच निवडावी, कारण येण्या-जाण्याचा वेळ वाचतो. तिथे लहान गोल फेऱ्यांत वळणे फार असतात, म्हणून पाच-पाच मिनिटांनी दिशा बदलावी, नाहीतर एकाच पायावर ताण साठत जातो.

रस्त्यावर धावावेच लागले तर उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावावे, फिकट रंगाचे किंवा चमकणाऱ्या पट्टीचे कपडे घालावेत आणि कानात इअरफोन घालू नयेत. कुत्रे अंगावर आले तर पळू नये. थांबावे, नजर न भिडवता सावकाश चालत त्याच्या हद्दीबाहेर जावे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हे वर येण्याआधी परतावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरश्या आणि पाण्याखाली दडलेली उघडी झाकणे हा खरा धोका असतो, म्हणून साचलेल्या पाण्यातून कधीही जाऊ नये; मुसळधार पावसात पार्किंगमध्ये चालणे किंवा सूर्यनमस्कार हा चांगला पर्याय आहे. भिजलेल्या शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवले तर दुसऱ्या दिवशी सुकलेले मिळतात. हिवाळ्यात मुंबई-पुण्यात हवा वाईट होते, तेव्हा मोबाइलवर हवेचा निर्देशांक पाहावा आणि तो 200 च्या वर असेल तर त्या दिवशी घरातच व्यायाम करावा.

वीस-पंचवीस मिनिटे सलग धावता येऊ लागली की एखाद्या स्पर्धेत नाव घालावेसे वाटते, आणि ते घालावे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये 2004 पासून हजारो हौशी धावपटू भाग घेतात, आणि त्यातली सहा किलोमीटरच्या आसपासची ड्रीम रन चालत-धावत पुरी करता येते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटाची असल्याने पहिल्या वर्षी तिचा मोह टाळावा. आपल्या शहरातली पाच किंवा दहा किलोमीटरची स्पर्धा निवडावी, नाव नोंदवण्याआधी मुलांच्या परीक्षांचे वेळापत्रक पाहावे, आणि त्या पहाटे मुले कोणाकडे असतील ते आठवडाभर आधीच ठरवावे. छातीवर लावायच्या क्रमांकाच्या मागच्या बाजूला रक्तगट, एखादी ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन नंबर लिहायला जागा असते. ती रात्रीच पेनने भरून क्रमांक टी-शर्टला चारही कोपऱ्यांत पिना लावून पक्का करावा, म्हणजे पहाटे चारला पिना शोधत घर जागे करावे लागत नाही.